दोन सेकंद उशीर

आईच्या स्वयंपाकघरातला जुना रेडिओ
दुपारी एकला सहा ठिपके वाजवतो.
पाच आखूड, सहावा जरा लांब,
निघताना कुणी कडीवर हात ठेवून रेंगाळावं तसा.
मी आणून दिलेला डिजिटल रेडिओ निजायच्या खोलीत.
तेच सहा ठिपके, दोन सेकंदांनी.
"तो बसने येतो," आई म्हणते
आणि बटाटे सोलत राहते.

मी मधल्या बोळात.
या कानात एक वाजून गेलेला,
त्या कानात अजून वाजायचाय.
खुंटीवर बाबांची हत्यारांची पिशवी,
एकोणीस वर्षं कुणी उतरवलेली नाही.

क्लिफर्ड पॉसलथ्वेट, टीव्ही व वायरलेस दुरुस्ती,
बॅरो-इन-फर्नेस.
सहाव्या ठिपक्यावर मनगटी घड्याळ लावणारा माणूस,
आणि त्या घड्याळावरून चॅपलचं, मासळीवाल्याचं,
दंतवैद्याच्या भिंतीवरचंसुद्धा.
दोन सेकंद त्यांना खपले नसते.

दुपारी कार्यक्रम नसत तेव्हा दुकानातल्या नऊ पडद्यांवर
एकच चित्र: रेघा, रंगांच्या पट्ट्या,
फळ्यापाशी खडू घेऊन बसलेली एक मुलगी,
फुली-गोळ्याचा डाव अर्धवट.
त्यातली एक फुली पडद्याच्या बरोब्बर मधोमध.
बाबा तिच्यावर अंगठा टेकवून सगळं मोजायचे.
"कोण जिंकणार?" मी विचारायची.
"आधी फळा सरळ होऊ दे."

वॉल्नी बेटावर मिसेस अ‍ॅस्क्यू राहायच्या.
नवरा गोदीत गेलेला, मुलगा कॅनडात.
रात्रीच्या निवेदकासाठी त्या केस विंचरून बसत,
ब्रूच लावून.
तो गुड नाइट म्हणाला की म्हणत, "गुड नाइट, लव्ह."
एकदा, बाबा मागचं झाकण बसवत असताना,
आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,
"त्याला मी दिसते का हो?"
खोटं बोलणं बाबांच्या जिवावर यायचं.
हातातला स्क्रू फिरवत म्हणाले,
"या अँटेनावर नाही."
थोडा वेळ किटलीचाच आवाज.
मग त्या म्हणाल्या, "मोठी केवढ्याला पडेल?"

आमच्याकडे शेवट बघायला मला जागू देत, फक्त शनिवारी.
संच बंद करायला विसरू नका, निवेदक सांगायचा,
जसा काही तोच दिवे मालवत घरभर फिरतोय.
मग राणीसाठीचं गीत.
आई उभी राहायची, हातात अर्धा विणलेला मोजा,
लोकरीचा गुंडा कोचाखाली घरंगळत जायचा.
मग काळं. मग एक शीळ,
खुर्चीत पेंगलेल्यांना उठवणारी.
बाबा बटण दाबत, आणि सगळं जग
एका पांढऱ्या ठिपक्यात आकसायचं.
"उरलेले इलेक्ट्रॉन आहेत," ते म्हणत, "घरी चाललेत."
मी संचाच्या पाठीवर तळवा ठेवायची.
ऊब. तापलेल्या धुळीचा वास.
ठिपका गेला की नाही, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

माझ्या टीव्हीला आता शेवट नाही.
परवा पहाटे दोनला, चौथ्या भागानंतर,
तो आपणहून थांबला
आणि पडद्यावर अक्षरं आली: अजून बघताय ना?
मांडीवर टोस्टचा चुरा, अंगात पायजमा,
घरात मी एकटी.
मिसेस अ‍ॅस्क्यू, आता दिसतो आपण.
अँटेनाही लागत नाही.
मी केसांवरून हात फिरवला.
हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
अक्षरं तशीच थांबून राहिली.
गुड नाइट त्याला येत नाही.

लाँगवेव्हही बंद होणार म्हणतात.
मग आईकडे एकदाच वाजेल, तोही बसने आलेला,
आणि बोळ नुसता बोळ होईल,
चपला काढायचा.
तिला अजून सांगितलेलं नाही.

एक वाजतो.
बटाट्याची लांब साल, न तुटता, खाली उतरत जाते.
एक वाजतो.